विमा लोकपालांकडे तक्रार टपालाने पाठवताना: पाकिटाआधी तारखा बघा

प्रश्न थोडक्यात असा. वडील साताऱ्याला राहतात, मुलगा बंगळुरूला नोकरी करतो. आरोग्य विम्याची पॉलिसी मुलाच्या नावावर आहे, सहा वर्षं चालू आहे आणि त्यात वडिलांचंही नाव आहे. वडिलांच्या अँजिओप्लास्टीचा 2,38,000 रुपयांचा क्लेम 'रक्तदाबाचा जुना त्रास लपवला' या कारणाने नाकारला गेला. आता विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपनीविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, तक्रार टपालाने पाठवायची आहे. रजिस्टर करावं की कुरियर? मूळ बिलं जोडावीत का? आणि वडील साताऱ्यात आहेत, तर पाकीट पुण्यालाच पाठवायचं ना?

तिन्हींची उत्तरं आधी देतो. कुरियर नको, पोस्टानेच पाठवा, पण 'रजिस्टर' आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही, ते पुढे सांगतो. मूळ कागद एकही पाठवू नका. आणि पुणं बरोबर असेलच असं नाही. तिसऱ्या उत्तरात तुमची खरी अडचण आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

तक्रारदार कोण, हा पहिला प्रश्न. उपचार वडिलांवर झाले असले तरी विमा कंपनीशी करार तुमचा आहे. पॉलिसीधारक तुम्ही, म्हणून तक्रार तुमच्या नावाने आणि तुमच्या सहीने जायला हवी. वडिलांनी साताऱ्यात बसून, स्वतःची सही करून पाठवलेला अर्ज 'पॉलिसीधारकाची सही नाही' म्हणून अडतो, आणि महिना-दीड महिना फुकट जातो. पॉलिसीधारक हयात नसेल तर वारस किंवा नामनिर्देशित व्यक्ती तक्रार करू शकते. तेव्हा मृत्यूचा दाखला आणि नात्याचा किंवा नामनिर्देशनाचा पुरावा सोबत लागतो. वकील, एजंट किंवा ओळखीतला जाणकार यांच्यामार्फत तक्रार चालत नाही. त्यांच्याकडून मसुदा लिहून घ्या हवं तर, सही मात्र तुमचीच.

आता हद्द. विमा लोकपाल नियम, 2017 प्रमाणे तक्रारदाराचा राहण्याचा पत्ता ज्या लोकपालांच्या हद्दीत येतो, किंवा कंपनीची संबंधित शाखा ज्यांच्या हद्दीत आहे, त्यांच्याकडे तक्रार करता येते. तुम्ही राहता बंगळुरूला, म्हणजे तिथलं कार्यालय तुम्हाला खुलं आहे. पॉलिसी साताऱ्याच्या किंवा पुण्याच्या शाखेतून घेतली असेल तर पुण्याचं कार्यालयही चालेल. ऑनलाइन घेतली असेल, तर पॉलिसीच्या शेड्यूलच्या (तपशीलपत्राच्या) पहिल्या पानावर 'जारी करणारं कार्यालय' म्हणून कोणता पत्ता छापलाय ते पाहा. दोन्ही पर्याय मोकळे असतील तर तुमच्या राहत्या पत्त्याचं कार्यालय निवडा, कारण पुढची पत्रं आणि सुनावणीची सूचना तुमच्याच पत्त्यावर येणार. मुंबई आणि परिसरातल्या वाचकांनी हद्द जरा जास्त काळजीने बघावी. ठाण्याला वेगळं कार्यालय सुरू झाल्यापासून जुन्या वाटणीत बदल झालाय. गोव्यातल्या तक्रारी आता पुण्याकडे येतात.

लोकपाल कार्यालयाचा पत्ता पॉलिसीच्या मागच्या पानावरून उतरवू नका. ती यादी पॉलिसी छापली तेव्हाची असते. कौन्सिल फॉर इन्शुरन्स ऑम्बड्समेन या संस्थेच्या संकेतस्थळावर चालू पत्ते आणि हद्दी असतात. पाकीट पाठवायच्या दिवशी तिथला पत्ता बघून पिनकोडसकट लिहा.

यापुढचं सगळं एका प्रश्नावर अडतं: तुम्ही कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी दाद मागितली आहे का? क्लेम नाकारल्याचं पत्र हातात आलं की लोक तडक लोकपालांकडे जातात. तिथून 'आधी कंपनीकडे जा' असं उत्तर येतं. क्लेम नाकारणं ही एक पायरी झाली. त्या नकाराविरुद्ध कंपनीला लेखी कळवणं ही दुसरी. ती झाल्याशिवाय लोकपाल तक्रार घेऊ शकत नाहीत, कारण नियमच तसा आहे. कस्टमर केअरला केलेले फोन यात धरले जात नाहीत. पत्र किंवा ईमेल हवं, आणि ते कंपनीला मिळाल्याचा पुरावा हवा.

हे पत्र कंपनीला मिळाल्यापासून एक महिना थांबायचं. उत्तर आलं नाही, नकार आला, किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, की लोकपालांचं दार उघडतं. तिथून एक वर्षाची मुदत सुरू होते. मोजणीत एक बारकावा आहे. वाट पाहण्याचा महिना कंपनीला पत्र 'मिळाल्यापासून' मोजतात. पण उत्तरच आलं नाही, तर वर्षाची मुदत मात्र पत्र 'पाठवल्यापासून' एक महिना संपला की सुरू होते. समजा 10 मार्चला पत्र टाकलं आणि कंपनीला ते 13 मार्चला मिळालं. तर 13 एप्रिलपर्यंत थांबा, पण वर्ष 10 एप्रिलपासून धरा. तीन दिवसांचाच फरक आहे, पण मुदतीच्या काठावर हेच तीन दिवस नडतात. उशीर माफ करण्याचा अधिकार लोकपालांना आहे. त्याआधी ते कंपनीचं म्हणणं मागवतात, आणि तुम्हाला कारण पटवून द्यावं लागतं. त्या माफीच्या भरवशावर राहू नये.

आता कळलं असेल की टपालाच्या पावतीला एवढं महत्त्व का. पोस्टाची पावती आणि पोच या दोन चिठ्ठ्यांवर तुमच्या दोन्ही मुदती उभ्या असतात. म्हणूनच कंपनीला पाठवायचं पत्रही लोकपालांना पाठवायच्या पाकिटाइतकंच जपून पाठवा.

रजिस्टरबद्दल. 1 सप्टेंबर 2025 पासून टपाल खात्याने रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केलं. खिडकीवर 'रजिस्टर करायचंय' म्हटलं तर आता स्पीड पोस्टच होतं, आणि त्यावर 'नोंदणी' ही जादा सेवा मागून घ्यावी लागते. तिचे प्रत्येक पाकिटामागे 5 रुपये आणि वर जीएसटी. नोंदणी घेतली की पाकीट पत्त्यावरच्या व्यक्तीला किंवा तिने नेमलेल्या माणसालाच दिलं जातं, म्हणजे जुन्या रजिस्टरचं काम होतं. ही सेवा न मागता साधं स्पीड पोस्ट केलं तर पाकीट पोहोचेल, पण पोच तेवढी भक्कम राहणार नाही. सोबत पोचपावतीही मागा. ओटीपी दाखवून पाकीट देण्याची सोयही त्याच 5 रुपयांत मिळते, पण सरकारी किंवा निमसरकारी कार्यालयासाठी ती घेऊ नका. ओटीपी घेणाऱ्याच्या मोबाइलवर जातो. कार्यालयाच्या आवक टेबलावर कोणाचा नंबर द्याल? पाकीट परत यायचं कारण आपणच तयार केल्यासारखं होईल.

कुरियर का नको? सर्वसाधारण खंड अधिनियम, 1897 च्या कलम 27 मध्ये, बरोबर पत्ता लिहून, पुरतं टपालहशील भरून नोंदणी टपालाने पाठवलेलं पत्र पोहोचलं असं गृहीत धरण्याची तरतूद आहे. कुरियरला तसा आधार नाही. कुरियरच्या पोचेवर बहुतेक वेळा एक वाकडीतिकडी सही असते, ना नाव, ना शिक्का. शिवाय काही कार्यालयं फक्त पोस्ट बॉक्स क्रमांक देतात, तिथे कुरियरवाला पोहोचूच शकत नाही.

खर्चाचा अंदाज असा. 75 जीएसएमचा ए-फोर कागद साधारण 4.7 ग्रॅम भरतो. 40 पानं म्हणजे 190 ग्रॅमच्या आसपास, आणि पाकिटाचे वीस-तीस ग्रॅम. म्हणजे तुमची फाइल 250 ग्रॅमच्या आत बसेल. 1 ऑक्टोबर 2025 पासूनच्या दरांप्रमाणे 51 ते 250 ग्रॅमचं स्पीड पोस्ट गावातल्या गावात 24 रुपये, 200 किलोमीटरपर्यंत 59, आणि 501 ते 1000 किलोमीटरसाठी 68 रुपये, जीएसटी वेगळा. बंगळुरूहून बंगळुरूला पाठवा किंवा पुण्याला, फरक चाळीस-पंचेचाळीस रुपयांचा. तेव्हा कार्यालय निवडताना टपालखर्च मनात आणू नका.

पावती हातात पडली की खिडकीसमोरच वाचा. पावतीवरचा पिनकोड चुकीचा टाइप झाला असेल तर पाकीट भलतीकडे फिरतं. तो तिथल्या तिथे दुरुस्त करून घेता येतो, घरी आल्यावर नाही. तेरा अक्षरांचा ट्रॅकिंग क्रमांक फोनमध्ये टिपून ठेवा. पाकीट 'डिलिव्हर्ड' दाखवलं की त्याच दिवशी त्या पानाचा स्क्रीनशॉट किंवा प्रिंट घ्या. ही नोंद संकेतस्थळावर कायम राहत नाही, आणि नेमकी गरज पडते ती काही महिन्यांनी. छापील पावतीची शाईही उडते. झेरॉक्स त्याच दिवशी काढा.

हेच औषधांच्या दुकानाच्या आणि कार्ड मशीनच्या चिठ्ठ्यांनाही लागू. तो गुळगुळीत, उष्णतेवर छपाई होणारा कागद असतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत, कपाटात सहा महिने राहिला की पांढरा पडतो, आणि आकडा वाचता न येणारं बिल हे बिल नसल्यासारखंच. अशा सगळ्या चिठ्ठ्या एका ए-फोर पानावर चार-चार मांडून झेरॉक्स करा.

मूळ कागदांबद्दल. प्रतिपूर्तीचा, म्हणजे आधी खिशातून भरून मग परत मागायचा क्लेम असेल तर मूळ बिलं तुम्ही आधीच कंपनीला किंवा टीपीएला (कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेला) दिलेली असतात. लोकपालांकडे स्वतः साक्षांकित केलेल्या प्रती चालतात. प्रत्येक पानावर 'मूळ प्रतीप्रमाणे' लिहून सही आणि तारीख. तुमच्याकडे प्रतीच नसतील तर रुग्णालयाच्या बिलिंग विभागाकडे लेखी अर्ज करून दुय्यम प्रती मागा. क्लेमची फाइल कंपनीकडे असते आणि लोकपाल कंपनीकडून तिचं म्हणणं कागदांसह मागवतात, त्यामुळे एखादी प्रत मिळाली नाही म्हणून तक्रार थांबवू नका. अर्जात एवढंच लिहा: 'अमुक बिलाची मूळ प्रत अमुक तारखेला कंपनीकडे दिली आहे.' अँजिओग्राफीची सीडी किंवा एक्स-रेची फिल्म पाठवू नका, वाटेत वाकते, तडकते. फक्त रिपोर्ट जोडा.

पाकिटात काय क्रमाने घालायचं? माझी पद्धत अशी आहे, आणि तिच्यामागे कारण आहे. पाकीट उघडणारा माणूस आधी तुमची बाजू खरी की खोटी हे बघत नाही. तक्रार दाखल करण्याजोगी आहे का, एवढंच तो तपासतो. म्हणून पहिल्या दोन पानांत त्याला हद्द, तारखा आणि सही दिसली पाहिजे. पहिलं पान अर्जाचं: तुमचं नाव, पत्ता, फोन, ईमेल, कंपनीचं आणि शाखेचं नाव, पॉलिसी क्रमांक, क्लेम क्रमांक. मग विषय, एका वाक्यात: 'वडिलांच्या दिनांक अमुक ते अमुक या काळातील उपचारांचा रुपये 2,38,000 चा दावा नाकारल्याबाबत.' त्याखाली घटना, एक तारीख एक ओळ. दाखल केव्हा झाले, घरी केव्हा सोडलं, क्लेम केव्हा दिला, नकार केव्हा आला, तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र केव्हा गेलं, केव्हा मिळालं, उत्तर केव्हा आलं. दुसऱ्या पानावर तुमचा मुद्दा, तुमची मागणी, आणि हे जाहीर केलेलं असावं की याच विषयावर न्यायालयात, ग्राहक आयोगात किंवा लवादापुढे काही चालू नाही आणि निकालही झालेला नाही. तसं काही असेल तर लोकपाल तक्रार घेत नाहीत. शेवटी सही, ठिकाण, तारीख. सहीविना आलेले अर्ज नवलाईचे नाहीत.

मागे अनुक्रमणिका, आणि मग कागद: नकाराचं पत्र, कंपनीला लिहिलेलं पत्र पोचेसह, कंपनीचं उत्तर, पॉलिसीचं शेड्यूल, डिस्चार्ज समरी, बिलं आणि पावत्या, डॉक्टरांचे कागद. सगळ्या पानांवर उजव्या कोपऱ्यात सलग क्रमांक. अर्जात कुठल्याही कागदाचा उल्लेख आला की 'पान 14 पाहा' असं लिहा. कागद एका बाजूनेच छापलेले असू द्या, डाव्या समासात पंच करून टॅग लावा. जाड गठ्ठ्याला स्टेपल मारू नका. स्कॅन करताना ती काढावी लागते आणि त्यात पान फाटतं किंवा मागेपुढे होतं. पाकीट कापडी अस्तराचं घ्या. साधं तपकिरी पाकीट दोनशे ग्रॅमला कडेने उसवतं, पावसाळ्यात तर नक्कीच.

नकाराचं पत्र कोणी लिहिलंय ते नीट बघा. टीपीएच्या लेटरहेडवर आलेलं 'क्वेरी' किंवा 'शिफारस' पत्र म्हणजे नकार नव्हे. क्लेम नाकारण्याचा अधिकार विमा कंपनीचा आहे. विमा नियामक आयआरडीएआयच्या 29 मे 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे कंपनीच्या समितीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही, आणि पॉलिसीतली नेमकी कोणती अट लागू केली ते पत्रात सांगावं लागतं. तुमच्याकडे तसं पत्र नसेल तर कंपनीकडून आधी ते मागून घ्या.

आता तुमच्या मुद्द्याकडे, कारण तुमचा क्लेम मला लढवण्याजोगा वाटतो. आयआरडीएआयच्या 2024 च्याच नियमांनी मोरेटोरियमचा काळ 60 महिन्यांवर आणला. पॉलिसी सलग 60 महिने चालली, की त्यानंतर 'माहिती लपवली' या कारणाने कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. अपवाद सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. तुम्ही सहा वर्षं म्हणता. पण ही सहा वर्षं वडिलांची की तुमची? वडिलांचं नाव तिसऱ्या वर्षी घातलं असेल तर त्यांचे 60 महिने अजून भरलेले नाहीत. मधे विम्याची रक्कम वाढवली असेल तर वाढीव भागाचे महिने वाढवलेल्या तारखेपासून मोजतात. आणि मधे कंपनी बदलली असेल, पण खंड न पडता पोर्ट केली असेल, तर जुनी वर्षं धरली जातात. म्हणून चालू शेड्यूलवर थांबू नका, पहिल्या वर्षापासूनची सगळी शेड्यूलं जोडा, आणि ज्या पानावर वडिलांचं नाव प्रथम येतं त्या ओळीला पेन्सिलने खूण करा. तुमच्या फाइलमधलं ते सगळ्यात महत्त्वाचं पान असेल.

60 महिने भरत नसतील तर सगळा भार डिस्चार्ज समरीतल्या एका ओळीवर येतो. 'रक्तदाब, दहा वर्षांपासून' अशी नोंद दाखल करताना घाईत कोणीतरी सांगितलेली, कोणीतरी लिहिलेली असते. ती चुकीची असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर, नोंदणी क्रमांकासह खुलासा घ्या: त्रास नेमका केव्हापासून, कशाच्या आधारावर. समरीत खाडाखोड करून घेऊ नका, त्याने संशय वाढतो. आणि नोंद खरी असेल, आणि प्रस्तावात तो त्रास लिहिला नसेल, तर तेही मान्य करून मग तुमची बाजू मांडा. वैद्यकीय कागद कंपनीही सादर करणार आहे.

मागणी किती करायची? लोकपालांची मर्यादा सध्या 50 लाखांची आहे, तुम्ही त्याच्या खूप आत आहात. पण प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त भरपाई ते देत नाहीत. मानसिक त्रासाचे लाखभर लिहून उपयोग नाही. तो विषय ग्राहक आयोगाचा. क्लेमची रक्कम आणि नियमाप्रमाणे व्याज, एवढं मागा. फी कोणतीही नाही.

तक्रार ईमेलने किंवा ऑनलाइनही करता येते, आणि तुमच्यासारख्या परगावी किंवा परदेशी राहणाऱ्यांना ते सोपं पडतं. दोन्हीकडून पाठवणार असाल तर टपालाच्या अर्जावर सगळ्यात वर लिहा: 'हीच तक्रार अमुक तारखेला ऑनलाइन दिली आहे, क्रमांक अमुक.' नाहीतर एकाच प्रकरणाच्या दोन नोंदी होतात आणि कागद दोन फाइलींत विभागले जातात.

तुमची तक्रार सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा ईएसआयची (कामगारांचा राज्य विमा) असती तर वाट वेगळी असती. ती प्रकरणं विमा लोकपालांकडे येत नाहीत.

पाकीट पोहोचल्यावर काम संपलं असं समजू नका. कार्यालयाकडून तक्रार क्रमांक येतो आणि सोबत परिशिष्ट 'सहा-ए' हा नमुना, ज्यात तपशील भरून लोकपालांनी मध्यस्थी करावी यासाठी संमती द्यायची असते. अनेकांची तक्रार इथे अडकते, कारण 'सगळं तर आधीच पाठवलंय' असं वाटून हा नमुना तसाच पडून राहतो. तो आला की त्याच आठवड्यात भरा. रकमा आणि तारखा पहिल्या अर्जाशी जुळतात का ते ताडून पाहा. पाकिटावर तक्रार क्रमांक मोठ्या अक्षरात लिहा आणि पुन्हा नोंदणीसह स्पीड पोस्टने पाठवा. सगळ्या बाबी पूर्ण झाल्यापासून तीन महिन्यांत निवाडा द्यायचा असतो, म्हणजे हा नमुना जेवढा उशिरा, तेवढे ते तीन महिनेही उशिरा सुरू होणार.

निवाडा तुमच्या बाजूने झाला तर तो कंपनीवर बंधनकारक असतो. तो मिळाल्यापासून 30 दिवसांत तिने तो पाळायचा आहे. नाही पाळला तर 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे दिवसाला 5,000 रुपये तक्रारदाराला द्यावे लागतात. विरोधात गेला तर ग्राहक आयोगाची वाट तुम्हाला मोकळी राहते.

पैसे पॉलिसीधारकाच्या खात्यात येतात, म्हणून रद्द केलेला चेक तुमच्या खात्याचा आणि नाव छापलेला जोडा, वडिलांचा नाही. आधारची प्रत द्यायची झाली तर पहिले आठ आकडे झाकलेली द्या, आणि त्यावर 'केवळ विमा तक्रारीसाठी' असं आडवं लिहा.